पंचेचाळिसाची किल्ली



कित्येक वर्तमानपत्रांच्या मागील पानावर ८१ घरांचा एक पट छापलेला असतो, आणि त्यांत एकही अंक दिलेला नसतो. कांहीं घरांभोंवतीं तुटक रेषांचीं कुंपणें, आणि प्रत्येक कुंपणाच्या कोपऱ्यांत एक बारीक संख्या, एवढेंच काय तें भांडवल. या कोड्यास 'किलर सुडोकू' असें नांव आहे. मारेकरी हें विशेषण जरा भडक आहे खरें. परंतु प्रथम बसणाऱ्या माणसाची सकाळ मात्र तें निश्चित मारतें.

साधें सुडोकू आतां बहुतेक सुशिक्षित घरांच्या परिचयाचें आहे. त्याचा जनक अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरचा हॉवर्ड गार्न्स नांवाचा वास्तुशिल्पी होय. १९७९ सालीं कोडें प्रसिद्ध झालें तेव्हां त्याचें वय ७४ वर्षांचें होतें, आणि कोड्यावर त्याचें नांवही छापलेलें नव्हतें. १९८४ सालीं जपानांतील निकोली या प्रकाशनसंस्थेनें तें उचललें. अंक ब्रह्मचारी, म्हणजे एकटाच असावा, अशा अर्थाच्या एका लांबलचक जपानी वाक्याचा संक्षेप म्हणजे 'सुडोकू'. पुढें वेन गूल्ड या हाँगकाँगच्या निवृत्त न्यायाधीशाच्या खटपटीनें तें २००४ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत आलें, आणि तेथून जगभर पसरलें. गार्न्स १९८९ सालींच वारला होता. त्याला यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. बेरजेचा हा कठीण प्रकार 'टाइम्स'नें २००५ सालीं छापावयास घेतला.

नियम थोडे आहेत. प्रत्येक आडव्या ओळींत, प्रत्येक उभ्या ओळींत, आणि तीन घरें लांब व तीन घरें रुंद अशा प्रत्येक चौकांत १ ते ९ हे अंक एकेकदांच यावयाचे. कुंपणांतील अंकांची बेरीज कोपऱ्यांतील संख्येइतकी भरली पाहिजे, आणि एका कुंपणांत एक अंक दोनदां येतां कामा नये.

या संख्यांचा स्वभाव आधीं ओळखावा लागतो. दोन घरांत १० भरावयाचे तर चार रीती आहेत. तीन घरांत १५ भरावयाचे तर आठ. मधल्या संख्या अशा मोघम बोलतात. टोंकाच्या संख्या मात्र नेमकें बोलतात. दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २; ४ म्हणजे १ आणि ३; १६ म्हणजे ७ आणि ९; १७ म्हणजे ८ आणि ९. तेथें दुसरी वाटच नाहीं. आणि सर्वांवरची किल्ली म्हणजे ४५; कारण १ पासून ९ पर्यंतच्या अंकांची बेरीज ४५, म्हणून प्रत्येक ओळ ४५ ची आणि प्रत्येक चौकही ४५ चा.

आतां श्रोत्यांनीं कागद पुढें ओढावा आणि पटाच्या वरच्या तीन ओळी आंखाव्या. डावीकडील चौकांत, पहिल्या ओळीच्या पहिल्या दोन घरांना ३ चें कुंपण आहे. त्यांच्या खालीं, दुसऱ्या व तिसऱ्या ओळीचें पहिलें घर मिळून १७. दुसऱ्या ओळीचें दुसरें व तिसरें आणि तिसऱ्या ओळीचें दुसरें, अशा तीन घरांस १२. चौकांतील उरलेलीं दोन घरें म्हणजे पहिल्या व तिसऱ्या ओळीचें तिसरें घर. त्यांचीं कुंपणें उजवीकडे चौथ्या घरापर्यंत गेलीं आहेत. वरचें १६ चें, खालचें १४ चें.

येथेंच एक प्रसंग हटकून घडतो. आजोबा लेखणी उचलून पहिल्या घरांत १ व दुसऱ्यांत २ लिहून टाकतात. शेजारीं बसलेली नात विचारते, "आजोबा, हा एक पहिल्याच घरांत कशावरून?" आजोबा म्हणतात, "बसतो म्हणून." ती म्हणते, "अहो, पण तिथं दोनसुद्धां बसतो कीं!" मुलगी बरोबर बोलली. चुकीच्या जागीं लिहिलेला अंक त्याच वेळीं तक्रार करीत नाहीं. तो वीस पायऱ्या मुकाट्यानें पुढें येऊं देतो, आणि मग एखाद्या खालच्या ओळींत दोन चार समोरासमोर उभे राहतात. तोंवर मूळ चूक कोठें झाली हें कळावयास मार्ग उरलेला नसतो, आणि सगळा पट खोडावा लागतो. बसतो तो अंक निराळा, आणि ज्यावांचून दुसरा बसतच नाहीं तो निराळा. म्हणून तीं दोन घरें तूर्त रिकामींच ठेवावीं. त्यांत १ आणि २ कोंडलेले आहेत, एवढें ज्ञान पुरेसें आहे.

कारण पाहा. १, २, ८ व ९ यांच्या जागा त्या दोन कुंपणांनीं अडविल्या. बाकीच्या पांच घरांस ३, ४, ५, ६, ७ एवढेच उरले. तीन अंकांनीं १२ करण्याच्या एकंदर सात रीती. परंतु या पांचांतून एकच, ३, ४ व ५. मग तिसऱ्या घरांच्या जोडीस ६ आणि ७ राहिले. वरच्या १६ ला ७ व ९ च लागतात. तेव्हां पहिल्या ओळीचें तिसरें घर ७, चौथें ९. पहिला निश्चित अंक हाच. खालीं तिसरें घर ६ झालें, आणि १४ पुरे करावयास चौथें ८. त्या ओळींत ८ आल्यामुळें १७ च्या जोडींतील ८ वर, दुसऱ्या ओळींत गेला, आणि ९ खालीं आला. सहा अंक मिळाले, आणि एकही अंदाजानें नव्हे.

पुढची पायरी या प्रकारांतील सर्वांत सुंदर म्हणावी लागेल. पहिल्या ओळीच्या पांचव्या व सहाव्या घरांना ७ चें कुंपण आहे. सातवें, आठवें, नववें आणि नवव्याच्या खालचें दुसऱ्या ओळींतील घर, मिळून २०. आतां पहिल्या ओळीवरील चारही कुंपणें मोजावीं: ३, १६, ७ आणि २०, बेरीज ४६. ओळ तर ४५ चीच! जो एक वाढला, तो ओळीबाहेर गेलेल्या एकमेव घरांतला. म्हणजे दुसऱ्या ओळीच्या नवव्या घरांत १. हें ठरविण्यास ओळींतील एकही अंक ठाऊक असावयास नको होता.

राहिली एक गांठ. दुसऱ्या ओळीच्या सातव्या-आठव्या घरांना १२ आहेत: ३ व ९, ४ व ८, किंवा ५ व ७. त्या ओळींत ८ येऊन बसला आहे, म्हणून मधली जोडी गेली. पहिल्या ओळींत ७ च्या कुंपणास १ किंवा २ घेतां येत नाहीं. तेव्हां तेथें ३ व ४, आणि ओळीच्या शेवटच्या तीन घरांस ५, ६, ८. त्यामुळें उजव्या चौकांत ५ वरच अडकला, आणि तिसरी जोडीही गेली. उरले ३ व ९. मग दुसऱ्या ओळींतला ३ तिकडे गेला, म्हणून डाव्या चौकांतील ३ ला तिसऱ्या ओळीचें दुसरें घर.

आठ अंक पक्के झाले. नातीनें ते पेन्सिलीनें लिहिले आहेत. अगदीं वरच्या कोपऱ्यांतील १ आणि २ यांचा निवाडा मात्र खालच्या सहा ओळी सुटल्यावांचून होणार नाहीं, आणि आजोबांनीं तेवढीं दोन घरें खोडून पुन्हां कोरीं केलीं आहेत.