आकडी, इंजेक्शन आणि कपाळावरचा शिक्का

(वरसे, ता. रोहा, जि. रायगड येथे बचत गटातील महिलांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले, आणि बाळंतपणाच्या प्रश्नावर तुमच्याबरोबर काम करते. आज एका इंजेक्शनाबद्दल बोलणार आहे. ते वेळेवर मिळालं नाही तर बाईचा जीव जाऊ शकतो. आणि वाचलेल्या बाईवर भलताच शिक्का बसतो, त्याबद्दलही बोलणार आहे.

एका वाडीवरच्या मुलीला आठव्या महिन्यात झटके आले. आधी दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तोंडावर सूज होती. घरचे म्हणाले, "बाहेरचं आहे." आधी भगत झाला, मग जीप. पहिल्या दवाखान्यानं इंजेक्शन न देताच पुढे पाठवलं. मुलगी वाचली, बाळ गेलं. महिन्याभरात सासरचे म्हणाले, "फेफरेवाली पोर आमच्या गळ्यात मारली." तिला माहेरी धाडलं.

तिला फेफरं नव्हतंच. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे हे झटके. त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. बाळंतपणानंतरही काही दिवस ते येऊ शकतात.

त्यावरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट. जुनं आणि स्वस्त. १९९५ साली भारतासह नऊ देशांतल्या सुमारे १,७०० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डायझेपामपेक्षा मॅग्नेशियमनं पुन्हा झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी आपल्या बायकांच्या अंगकाठीचा विचार करून कमी मात्रेची पद्धत २००३ साली मांडली. आणि २०१० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातली नर्ससुद्धा पहिला डोस देऊ शकते. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी.

पण हे औषध म्हणजे जादू नव्हे. ते झटके थांबवतं. रक्तदाबाला वेगळं औषध लागतं, आणि मूळ आजार उतरतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. ते लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली तर अंगात साठतं, श्वास मंदावतो. म्हणून नर्सनं गुडघ्यावर ठोकून पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं.

फेफऱ्यावर मात्र हे औषध नाही. फेफरं असलेल्या बाईनं आपल्या गोळ्या गरोदरपणात मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं.

आणि समजा, त्या मुलीला फेफरं असतंच, तरी? पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारं फेफरं ही लग्नाआडची अट होती. १९९९ साली ती काढून टाकली. कायदा बदलला, सासरची दारं बदलली नाहीत.

म्हणून बायांनो, तीन गोष्टी करू या. प्रत्येक तपासणीला रक्तदाब आणि लघवी तपासली का, हे विचारू. उपकेंद्रात हे इंजेक्शन आणि त्याचा उतारा शिल्लक आहे का, हे गटानं जाऊन पाहू. आणि घरी सोडताना कार्डावर आजाराचं नाव लिहून घेऊ.

त्या मुलीच्या कार्डावर नुसतं "झटके" लिहिलं होतं. त्या एका शब्दावर तिचा संसार मोडला.