दिवाळीआधीचा माळा

वसुबारस जवळ आली की घरोघरी शिडी निघते आणि कोणीतरी माळ्यावर चढतं. खाली येतं काय? मिक्सरच्या खोक्यात जपलेलं थर्माकोल, झाकण हरवलेले डबे, लग्नात आहेर म्हणून आलेला आणि अजून न उघडलेला लेमन सेट. आपण ते सगळं पुसतो आणि परत वर ठेवतो! याला आवराआवर म्हणणं कठीण आहे.

यंदा पुसण्याआधी वेगळं काढा. वापरण्याजोगे कपडे धुऊन, तुटलेली बटणं लावून द्या. फाटकं दान कुणालाच नको असतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करते. बंद पडलेले मोबाइल, चार्जर, रिमोट हा ई-कचरा. तो घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नका. जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडू तर मुळीच नका.

फराळाचंही तसंच. चकली, करंजी, शेव, अनारसे सगळं घरीच आणि डबे भरभरून, हा हट्ट कशासाठी? तळलेलं फार दिवस राहिलं की खवट होतं, आणि कढईपुढे बहुधा एकटी गृहिणीच उभी असते. दोन पदार्थ घरी करा, बाकीचे बचत गटाकडून घ्या. चकलीचा सोऱ्या मात्र घरातल्या पुरुषांच्या हाती द्या, दाबायला जोर लागतोच!

आणि हो, नवी वस्तू घरात कुठे ठेवणार, हे दुकानात शिरण्याआधी ठरवा.