पदकाच्या कडेवरचें नांव

(छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं पेटींत, देव्हाऱ्यांत किंवा उतरंडीच्या तळाशीं एखादा जुना बिल्ला पडलेला असतो. कोणी त्याला बसऱ्याचा बिल्ला म्हणतात, कोणी राजाछाप रुपया समजतात. पोराला दृष्ट लागूं नये म्हणून तो गळ्यांत बांधलेलाही मीं पाहिला आहे. घरांत अडचण आली कीं तो सोनाराकडे जातो. सोनार चांदी तोलतो, मुशींत घालतो, आणि त्या घरांतल्या एका माणसाची शेवटची खूण नाहींशी होते. असें होण्यापूर्वीं काय करावें, तें सांगण्यास मी उभा आहें.

राजेरजवाड्यांचीं चरित्रें लिहिणारे पुष्कळ झाले. शिपायाचें चरित्र लिहिण्यास कोणी पगारी बखरकार येत नाहीं. तें आपणच लिहिलें पाहिजे, आणि त्याची पहिली ओळ त्या बिल्ल्यावरच कोरलेली आहे.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत या देशांतले सुमारें १३ लाख लोक गेले, आणि सुमारें ७४,००० परत आले नाहींत. त्या युद्धाचीं पदकें मुख्यतः तीन. एक चांदीचें, ज्यावर पंचम जॉर्ज बादशहाचें डोकें आणि मागें घोडेस्वार. दुसरें पिंवळ्या धातूचें, पंख असलेल्या बाईचें. तिसरें चांदणीच्या आकाराचें. पहिल्या दोहोंच्या कडेवर आणि चांदणीच्या पाठीवर इंग्रजींत नंबर, हुद्दा, नांव व पलटण लिहिलेली असते. चिंच-राखेनें तें घासूं नका, अक्षरें झिजतात. तिरप्या उजेडांत भिंग धरा आणि शाळेंत शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

चांदीच्या पदकाचाच सांचा, पण धातु तांबूस कांसें, असें पदक निघालें तर तें टाकून देऊं नका. तें बहुतकरून मजुरांच्या तुकड्यांना दिलेलें असतें. बंदूक धरणाऱ्यामागें रस्ता करणारा, ओझें वाहणारा, पाणी पोंचवणारा, नाल मारणारा असे हजारों गेले होते. लढाईच्या इतिहासांत त्यांना ओळही मिळत नाहीं. तो बिल्ला हाच त्यांचा इतिहास.

माझ्या वर्गांतल्या एका मुलीनें असा चांदीचा बिल्ला आणला. तिच्या खापरपणजोबांचा. घरांत तो लपवून ठेवलेला होता, कारण आठवण एवढीच उरली होती कीं हा माणूस परमुलखांत घोडा खाऊन आला, आणि भावकीनें दोन वर्षें त्याला पंक्तीस घेतलें नाहीं. त्या घराला आडून एक टोपणनांवही होतें. आम्हीं कड वाचली. पलटण निघाली ११७ वी मराठा. आतां ही पलटण कोठें होती तें पाहा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकांत कूत या गांवीं वेढ्यांत सांपडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. धान्य संपलें, तेव्हां घोडीं व खेंचरें कापलीं. पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्म जाईल या भयानें तें मांस कित्येक आठवडे नाकारलें आणि ते झुरत गेले. शेवटीं खाल्लें, तें जगण्यासाठीं. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटांतून पायीं हांकलें. त्यांत असंख्य मेले. अशा पलटणींतून जो परत आला त्याला आपण ताटावरून उठवलें! ज्यांनीं उठवलें त्यांनीं उपास केला होता तो एकादशीचा. आज तो बिल्ला त्या घरीं भिंतीवर आहे, आणि तें टोपणनांव कोणी घेत नाहीं.

शोध करतांना पलटणींचीं नांवें बदललीं हें ध्यानांत ठेवा. १०३ वी पलटण १९२२ सालीं पांचव्या मराठा रेजिमेंटची पहिली झाली. आपला मुलूख निजामाचा. येथल्या छावणींतली हैदराबाद कंटिंजंट १९०३ सालीं हिंदी फौजेंत मिसळली. तिच्यांतून झालेल्या २० व्या डेक्कन हॉर्सनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्सांत भाले घेऊन चाल केली. तिचें बहुतेक पायदळ १९२२ सालीं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झालें आणि १९४५ सालीं तिचेंच नांव कुमाऊं पडलें. तेव्हां आजोबा हैदराबादचे आणि कागद कुमाऊंचे, असें होऊं शकतें.

मेलेल्यांच्या याद्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. पुष्कळदां बापाचें नांव व गांवही तेथें असतें. मात्र कारकुनानें कानानें ऐकून लिहिलेलें असतें, म्हणून चार तऱ्हांनीं शोधा. बसऱ्याच्या स्मारकावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आंकडा घातला. या भेदाबद्दल त्याच कमिशननें २०२१ सालीं अहवाल काढून माफी मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, मागितली. आपल्याकडे काय झालें? महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. १९१७ सालीं गरज पडतांच १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडलीही. पुन्हां १९४१ सालीं दुसऱ्या युद्धानें दार उघडलें. त्या शिपायांचे बिल्लेही गांवाच्या बाहेरच्या घरांत आहेत. शोध करणाऱ्यानें त्याही उंबऱ्यावर जावें.

मोठ्या मानाचें पदक असलें तर त्याची हकीकत सरकारी गॅझेटांत सांपडते. माणगांवकडच्या यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें मशीनगनवर चाल केली व तेथेंच देह ठेवला. संगमनेर तालुक्यांतल्या निमजच्या नामदेव जाधवांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर सुरुंगांतून दोन जखमी पाठीवर आणले. दोघेही शेतकऱ्यांच्या मुलखांतले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. पण साध्या बिल्ल्याला गॅझेट नाहीं. त्याचें गॅझेट म्हणजे घरांतली म्हातारी. तिला आज विचारा. पुढच्या दिवाळीला ती असेलच असें नाहीं. मग शाळेचा दाखल्याचा रजिस्टर, भाटाची वही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगांवचें मराठा केंद्र.

आणि एक गोष्ट. शिपाई गेला तेव्हां मागें जिनें औत धरलें, कर्ज फेडलें, पोरें वाढवलीं, तिचें नांव कोणत्याही धातूवर कोरलेलें नाहीं. कागदावर शिपायाच्या नांवाखालीं तिचेंही नांव लिहा.

बिल्ला विकूं नका. एका कागदावर कडेवरचीं अक्षरें, गांव, आईबाप, बायको, कोठें गेला, कसा परतला किंवा कोठें पडला, एवढें लिहून त्याच्यासोबत ठेवा आणि एक प्रत शाळेंत आणून द्या. चांदीचा भाव उद्यांही मिळेल, पण मुशींत गेलेलें नांव परत मिळणार नाहीं.