निकाहनामा आणि नोंदणीचा अर्ज

जुन्या नाशकात किंवा मालेगावात निकाह लागतो तेव्हा काझीसाहेब दोघांची कबुली घेतात, मेहेरची रक्कम लिहितात, साक्षीदार सह्या करतात. धर्माच्या दृष्टीने विवाह इथेच पूर्ण होतो. मग महापालिकेत नोंदणी कशाला? राज्याचा १९९८ चा कायदा ९० दिवसांत विवाहनोंदणी करायला सांगतो, आणि त्या अर्जावर निकाह लावणाऱ्या काझींचीही सही लागते.

सरकार इस्लामी नसेल तर त्याचे नियम पाळावेत का, हा प्रश्न फार जुना आहे. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतले काही मुसलमान हबशाच्या, म्हणजे अ‍ॅबिसिनियाच्या, ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले आणि त्याच्या राज्यात सचोटीने राहिले. कुराणातली पाचवी सूरा तर करार पाळण्याच्या आज्ञेनेच सुरू होते. म्हणून अनेक उलेमा सांगतात, की ज्या नियमामुळे धर्माविरुद्ध वागावे लागत नाही, तो पाळावाच. मग तो चौकातला सिग्नल का असेना.

नोंदणीचे मोल मला सर्वांत जास्त वाटते ते बायकांसाठी. मेहेर, वारसा, पासपोर्ट, सगळीकडे तो दाखला उपयोगी पडतो. तेव्हा निकाहनाम्याची प्रत जपून ठेवा आणि मुदतीत अर्ज करा.