बरं वाटतं म्हणजे किती बरं?

आमच्या गटातल्या एका ताईंना उदासीचा आजार. दर महिन्याला गोळ्या आणायला जायच्या. तिथं विचारायचे, "बरं आहे ना?" त्या म्हणायच्या, "हो." कागदावर तेच लिहिलं जायचं. बैठकीत मात्र भिंतीकडे तोंड करून बसायच्या. चार महिने मीही त्यांना हप्त्याचंच तेवढं विचारत होते.

अंगणवाडीत लेकराला नुसतं बघून 'वाढलं' म्हणत नाहीत. काट्यावर ठेवतात, मागच्या महिन्याशी ताडून पाहतात. उदासीलाही असं माप आहे. नऊ प्रश्नांची यादी, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप, भूक कशी, थकवा येतो का, मेलेलं बरं असं वाटतं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायचं. उपचारानं गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय. पाचच्या खाली आले तर आजार ओसरला असं धरतात, पण गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मरणाच्या प्रश्नाला 'हो' आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मदत घ्यायची. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रंदिवस चालू असतो.

एकदा विचारून भागत नाही. रोवणीत आपण सगळ्याच थकतो, अन् गावाजवळ वाघ आला की झोप कोणाला लागते? त्याच बाईला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. सासूसमोर नाही, एकटीला.

आपल्या विदर्भातच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. २०१७ साली त्याचे निकाल छापून आले. बैठका किती झाल्या एवढ्यावर ते थांबले नाहीत, गावात पाहणी केली. आधी उदासीच्या शंभर माणसांतली जेमतेम चार उपचार घेत होती, दीड वर्षानं २७. मोठी गोष्ट आहे. पण मला विचाराल तर उपचाराला गेली म्हणजे बरी झाली, असं नाही. आमच्या ताईही जातच होत्या की!

शेवटी आशाताईंनी त्यांची यादी भरली. बेरीज १६. तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, औषध बदललं. गेल्या खेपेला ९ आले. ताई म्हणाल्या, "गुण राहू दे बाई, यंदा मी मोहफुलं वेचायला गेले." तेही मी कागदाच्या मागं लिहून ठेवलं.