आजींची मनी

बाप्पापुढे आम्ही मांजराची गोष्ट सांगतोय, उंदीरमामांनी माफ करावं!

सुप्याचं धरण झालं तेव्हा गाव सोडून रामनगरात आलेल्या आमच्या शेजारच्या आजी गेल्या श्रावणात वारल्या. त्यांची मनी उंबऱ्यावर बसून राहिली. तीन दिवस दूध नाही, मासळी नाही. भूक लागली की खाईल, असं आम्ही म्हणत होतो. पशुवैद्य रागावले: मांजर असं उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते, जीवही जातो. त्यांनी औषध दिलं, कोमट मासळी द्यायला सांगितली.

जोयड्यात मांजरांचा आश्रम कुठला? शेवटी एकटे राहणारे निवृत्त मास्तर तयार झाले. सोबत आजींचं न धुतलेलं लुगडं दिलं.

तिसऱ्या रात्री मास्तरांचा फोन आला, “बांगडा खाल्ला. लुगडं मात्र परत मागू नका.”