अंगावर काढलेला ताप

आपल्याकडे ताप आला, तरी औषध घेतलं नाही आणि रजाही टाकली नाही, की म्हणतात, 'ताप अंगावर काढला.' म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडी काळजी असते आणि बरंचसं कौतुक. माझे वडील शाळामास्तर होते. उभ्या नोकरीत आजारपणाची एकही रजा घेतली नाही, हे ते निवृत्तीनंतरही येईल त्या पाहुण्याला सांगत. मी त्याच घरात वाढलो.

२०२३ च्या डिसेंबरात नागपुरातल्या एका अर्ध मॅरेथॉनमध्ये मी नाव घातलं होतं. अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. वय सत्तेचाळीस, नोकरी बँकेतली, खुर्चीवरची. पावसाळ्यापासून पहाटे सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली सराव करत होतो. आणि शर्यतीच्या तीन दिवस आधी घसा धरला. मग अंग मोडून आलं. शनिवारी रात्री थर्मामीटरमध्ये १०१.

बायको म्हणाली, "अहो, उद्याचं राहू द्या." मी हो म्हटलं. पहाटे चारला उठून पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तासाभराने पुन्हा पाहिलं तर ९९. तो आकडा मी तिला दाखवला. गोळीचं सांगितलं नाही.

कस्तुरचंद पार्कवर कडाक्याची थंडी होती. शेजारचे सगळे कुडकुडत होते, त्यामुळे माझी थंडी वेगळी आहे, हे माझं मलाही कळलं नाही. आकाशवाणी चौकापर्यंत छान धावलो. पाच किलोमीटरला मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एरवी त्या वेगाला माझी नाडी मिनिटाला १४५ च्या आसपास असते, त्या दिवशी १६८ होती. घड्याळ बिघडलं असेल म्हणून ते पुढे पाहायचंच नाही असं ठरवलं. शहाणपणाचे असे निर्णय माणूस तापातच घेतो.

सेमिनरी हिल्सच्या चढावर गोळीचा अंमल संपला. पाय जड होतात ते मला माहीत होतं; इथे डोकं हलकं व्हायला लागलं. फुटाळ्याच्या काठावर तलावावरून वारा आला आणि घामेजलेल्या अंगावर असा काटा आला, की दात वाजू लागले. पाणी देणाऱ्या एका मुलीने विचारलं, "काका, बसता का थोडं?" खुर्ची होती, घोंगडी होती, रुग्णवाहिकाही पलीकडे उभी होती. मी बसलो नाही. थोडं चालत, थोडं धावत २ तास ५१ मिनिटांनी पोचलो. गळ्यात पदक पडलं. तर्री पोह्यांची प्लेट हातात आली, पण घास उतरेना.

पुढचा आठवडा कौतुकाचा होता. शाखेत शाल-श्रीफळ झालं. साहेबांनी भाषणात सांगितलं, की अंगात ताप असताना यांनी शर्यत पुरी केली, याला म्हणतात जिद्द. मी मान खाली घालून हसलो.

दहाव्या दिवशी बँकेचा जिना चढताना छातीत धडधडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ईसीजी काढला, रक्तात ट्रोपोनिन पाहिलं. ते वाढलेलं होतं. लांब धावल्यावर निरोगी माणसाचंही ते वाढतं, पण एक-दोन दिवसांत उतरतं. दहाव्या दिवशी ते तसंच असणं त्यांना आवडलं नाही. हृदयाचा एमआरआय झाला. हृदयाच्या स्नायूला सूज होती. मायोकार्डायटिस.

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. ताप एका सेल्सिअस अंशाने वाढला, की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं. गोळी आकडा खाली आणते, विषाणू असतो तिथेच असतो. क्वचित तो हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो, आणि अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांचा ताल बिघडून धावता धावता माणूस जाऊ शकतो. नुसतं नाक वाहत असेल, शिंका येत असतील तर हलकं फिरायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, पोट बिघडलेलं, यांतलं काहीही असेल तर घरी बसायचं. मला सहा महिने धावणं बंद.

त्या रिकाम्या महिन्यांत मी धावण्याचा इतिहास वाचत बसलो. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. अंतर तेव्हा ४२.७५ किलोमीटर होतं. ते त्यांनी २ तास ५० मिनिटांत कापलं आणि एकोणिसावे आले. म्हणजे माझ्या निम्म्या अंतराला मला त्यांच्यापेक्षा मिनिटभर जास्तच लागलं! त्याच शर्यतीत सदाशिव दातारही होते. त्यांच्या नावापुढे, शर्यत पूर्ण केली नाही, एवढीच नोंद आहे. पूर्वी ती ओळ मी नजरेआड केली असती. या वेळी तिथेच रेंगाळलो.

पण आज बोलायला आलो ते वेगळ्याच कारणाने. सूज निघाली, हे मी शाखेत कुणालाच सांगितलं नव्हतं. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं. शाल परत कशी करणार?

२०२४ च्या डिसेंबरात, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, शाखेतल्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. "सर, थोडा ताप आहे. डोळ्यांच्या मागे दुखून राहिलं. पण तुम्ही पण धावले होते ना तापात? दुखण्याची गोळी घेऊन जातो म्हणतो."

मी त्याला सगळं सांगितलं. जिना, एमआरआय, सहा महिने, पॅरासिटामॉल लपवलेली सुद्धा. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मग सर, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं? सत्काराच्या दिवशी?"

सत्काराच्या दिवशी मला सुजेचं माहीत नव्हतं, हे खरं. पण नंतरचं वर्षभर माहीत होतं. उत्तर देता आलं नाही.

तो धावला नाही. सोमवारी रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरलेल्या. डेंग्यूत आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि घामाने पाणी गेलेल्या अंगात तीच गोळी मूत्रपिंडालाही त्रास देते. त्याच्या खिशात तीच गोळी होती.

फेब्रुवारीत तो पुन्हा सरावाला येऊ लागला. पहाटे आम्ही फुटाळ्यापर्यंत बरोबर जातो. पुढचा चढ तो धावत जातो, मी चालत. शाल मात्र अजून कपाटात आहे. बायको म्हणते, कुणाला तरी देऊन टाका, थंडीचे दिवस आहेत.